गुन्हा दिसतोय, पण कलम बसत नाही: अमेरिकेतल्या राज्यांचे चोरून पाहण्याविरुद्धचे कायदे

ऑगस्ट २०१० मध्ये बॉस्टनच्या ग्रीन लाइन ट्रॉलीत एक माणूस समोर बसलेल्या बायकांच्या स्कर्टखाली मोबाइलचा कॅमेरा रोखतोय, अशा दोन तक्रारी लागोपाठ वाहतूक पोलिसांकडे आल्या. पोलिसांनी सापळा लावला. साध्या वेशातली, स्कर्ट घातलेली एक महिला अधिकारी त्याच मार्गावर प्रवासाला बसली. तो माणूस समोर आला, फोन काढला, कॅमेरा तिच्या दिशेने धरला आणि पकडला गेला. साक्षीदार खुद्द पोलीस, हातात फोन, हेतूबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. असा खटला हरायचा म्हटलं तरी हरता येऊ नये.

५ मार्च २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यात गुन्हा होत नाही.

निकाल वाचला की राग न्यायाधीशांवर येतो, पण तो तिथे फार वेळ टिकत नाही. मॅसॅच्युसेट्सने २००४ साली केलेल्या कायद्यात शब्द होते ते असे: नग्न किंवा अर्धनग्न व्यक्तीचं, तिच्या नकळत, जिथे तिला खासगीपणाची रास्त अपेक्षा असते अशा जागी आणि परिस्थितीत चित्रण करणं. न्यायालयाने प्रत्येक शब्द घटनेशी जुळवून पाहिला. ट्रॉलीतली बाई अर्धनग्न होती का? नाही, ती पूर्ण कपड्यांत होती. स्कर्टच्या आत काय घातलंय यावरून कुणी अर्धनग्न ठरत नाही. ट्रॉली ही खासगीपणाची जागा आहे का? नाही, ती सार्वजनिक वाहतूक आहे आणि तिथे कॅमेरेही बसवलेले असतात. म्हणजे दोन्ही अटी हुकल्या. आपल्या स्कर्टखालचे फोटो कुणी परक्याने चोरून काढू नयेत ही बाईची अपेक्षा अगदी रास्तच आहे, हे न्यायालयाने स्वतः निकालात नोंदवलं. फक्त आहे त्या स्वरूपातलं कलम त्या अपेक्षेपर्यंत पोहोचत नाही, असं सांगून त्यांनी आरोपीवरचे आरोप रद्द करायला लावले.

त्यानंतर जे झालं ते आपल्याकडच्या वाचकाला अद्भुत वाटेल. दुसऱ्याच दिवशी, ६ मार्चला, राज्याच्या विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली. ७ मार्चला गव्हर्नर देवल पॅट्रिक यांनी सही केली. कपड्यांच्या आतून किंवा खालून एखाद्याच्या गुप्तांगांचं चोरून चित्रण करणं हा गुन्हा झाला, शिक्षा अडीच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार डॉलरपर्यंत दंड. ट्रॉलीतला तो माणूस मात्र सुटला तो सुटलाच, कारण कृत्य घडलं त्या दिवशी जो गुन्हा नव्हता त्याची शिक्षा नंतर कायदा करून देता येत नाही. हा नियम अमेरिकी राज्यघटनेत आहे, आपल्या राज्यघटनेतही अनुच्छेद २० मध्ये आहे.

चोरून पाहण्याविरुद्धच्या अमेरिकी कायद्यांचा सगळा इतिहास या तीन दिवसांत सापडतो. कायदा जागेचं वर्णन करतो, माणूस आणि तंत्र त्या जागेबाहेर पडतात, न्यायालय हात टेकतं आणि विधिमंडळ ठिगळ लावतं. पन्नास राज्यांत हे पन्नास वेळा, वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या शब्दांत झालं आहे.

पन्नास कायदे कशाला?

आपल्याकडे खून, चोरी, विनयभंग यांची व्याख्या मुंबईत, पणजीत आणि पाटण्यात एकच असते, कारण फौजदारी संहिता संसद करते. अमेरिकेत उलट आहे. तिथे रोजच्या गुन्हेगारीचा कायदा करण्याचा अधिकार मुख्यतः राज्यांचा. केंद्राला हात घालायचा तर राज्यांच्या सीमा ओलांडणारा व्यवहार किंवा केंद्राच्या मालकीची जमीन असा काहीतरी धागा लागतो. म्हणून न्यू जर्सीत जे कृत्य गंभीर गुन्हा आहे तेच शेजारच्या राज्यात किरकोळ ठरू शकतं, आणि काही वर्षांपूर्वी कदाचित मुळीच गुन्हा नसेल.

केंद्राने एक कायदा केला आहे, २००४ सालचा, व्हिडिओ व्हॉयरिझम (म्हणजे चोरून पाहणं आणि त्याचं चित्रण) रोखणारा. वाचायला तो उत्तम आहे. पण तो लागू कुठे होतो? राष्ट्रीय उद्यानं, लष्करी तळ, केंद्र सरकारच्या इमारती अशा ठिकाणी. कमाल शिक्षा एक वर्ष. ग्रँड कॅन्यनच्या प्रसाधनगृहात कुणी कॅमेरा लपवला तर हा कायदा आहे, न्यू जर्सीतल्या मॉलमध्ये लपवला तर राज्याचा कायदा काय म्हणतो ते बघा. या केंद्रीय कायद्याची आठवण ठेवा, शेवटी तो भारतात भेटणार आहे.

खिडकी आणि अंगण

सुरुवातीचे कायदे खिडकीतून डोकावणाऱ्यासाठी होते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातसुद्धा लोकांच्या भिंतीला, खिडकीला, वळचणीला कान लावून बसणाऱ्याला उपद्रवी म्हणून शिक्षा होती. अमेरिकी राज्यांनी तोच धागा पुढे नेला. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत आजही असं कलम आहे की, दुसऱ्याच्या खासगी आवारात विनाकारण रेंगाळत असताना राहत्या इमारतीच्या दारा-खिडकीतून डोकावणं हा गुन्हा. जॉर्जियाच्या कायद्यातही दुसऱ्याच्या आवारात किंवा आवाराजवळ असणं ही अट आहे.

या कलमांना चोराचं चित्र डोळ्यांसमोर दिसतं: रात्र, कुंपण ओलांडून आलेला परका, खिडकी. पण घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचं काय? घरमालक, नातेवाईक, रूममेट, हॉटेलचा नोकर? हा माणूस कुंपण ओलांडत नाही. छोटा व्हिडिओ कॅमेरा स्वस्त झाला तेव्हा हा प्रश्न खरा झाला.

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर एका तरुणीच्या भाड्याच्या घरात, तिच्या पलंगाच्या बरोबर वर, स्मोक डिटेक्टरमध्ये घरमालकाने कॅमेरा बसवला होता. स्मोक डिटेक्टर म्हणजे छताला चिकटवलेली पांढरी वाटी, अमेरिकेत प्रत्येक घरात असतेच, तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. प्रकरण उघड झालं तेव्हा सरकारी वकिलांना चोरून चित्रण करण्याचा गुन्हा लावायला राज्यात कलमच सापडेना. उरलं ते बेकायदा प्रवेशाचं कलम. चमत्कारिक गोष्ट अशी की, त्या स्मोक डिटेक्टरमध्ये कॅमेऱ्याऐवजी मायक्रोफोन असता तर मालकावर गंभीर गुन्हा दाखल झाला असता. चोरून संभाषण ऐकण्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये आधीपासून कडक कायदा होता, कारण टेलिफोन आणि तारा कुणी टॅप करू नयेत याची चिंता विधिमंडळांना फार आधी लागली होती. बाईचं झोपेतलं बोलणं सुरक्षित, झोपलेली बाई नाही.

तिने गप्प बसायचं नाकारलं, राजधानी ऑल्बनीत जाऊन पाठपुरावा केला, आणि २००३ मध्ये तिच्याच पहिल्या नावाने ओळखला जाणारा स्टेफनीचा कायदा आला. लुइझियानात चार वर्षांपूर्वी, १९९९ मध्ये, जवळपास हेच घडलं होतं. ओळखीच्याच शेजाऱ्याने एका कुटुंबाच्या माळ्यावर कॅमेरे लपवले होते आणि तिथेही आधी बेकायदा प्रवेशाखेरीज लावायला काही नव्हतं.

न्यूयॉर्कच्या कायद्यातली एक तरतूद मला विशेष हुशारीची वाटते. असल्या खटल्यात आरोपीचा ठरलेला बचाव असतो: सुरक्षेसाठी लावला होता साहेब. हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, आणि हेतू तर डोक्यात असतो. न्यूयॉर्कने म्हटलं की शयनगृह, बाथरूम, कपडे बदलण्याची खोली, हॉटेलची खोली अशा जागी चोरून कॅमेरा बसवला असेल तर त्यामागे वैध कारण नव्हतं असंच आधी गृहीत धरलं जाईल. कारण होतं असं म्हणणाऱ्याने ते समोर आणावं. शिवाय कलमात केवळ लैंगिक हेतू नाही, तर मौजमजा, पैसा, समोरच्याची मानहानी हेही हेतू धरले आहेत. ज्या राज्यांनी फक्त लैंगिक तृप्तीचा हेतू लिहिला, तिथे ‘मी गंमत केली’ म्हणणाऱ्याला पळवाट राहते.

रास्त अपेक्षा म्हणजे नेमकं काय

या सगळ्या कायद्यांत एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो, खासगीपणाची रास्त अपेक्षा. तो मुळात या कायद्यांतला नाही. १९६७ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे कॅट्झ नावाचा खटला आला. सार्वजनिक टेलिफोन बूथमधून जुगाराचे व्यवहार करणाऱ्या माणसाचं बोलणं एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने बूथला बाहेरून यंत्र लावून ऐकलं होतं. सरकारचं म्हणणं, बूथ सार्वजनिक, आम्ही आतसुद्धा शिरलो नाही. न्यायालयाने ते फेटाळलं आणि सरकारच्या मनमानी झडतीपासून संरक्षण देणारी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती जागांचं नव्हे तर माणसांचं रक्षण करते, असं म्हटलं. न्यायमूर्ती हार्लन यांनी त्यातून दुहेरी कसोटी घातली: त्या माणसाला खरोखर खासगीपणाची अपेक्षा होती का, आणि ती अपेक्षा समाज रास्त मानेल का.

राज्यांनी चोरून पाहण्याविरुद्ध कायदे करताना हे ‘रास्त अपेक्षा’ उचललं, पण पुढे लगेच ‘अशा जागी’ जोडून टाकलं. कॅट्झने जागेपासून सोडवलेला माणूस पुन्हा जागेत नेऊन बसवला. पुढचे बरेच घोळ या दोन शब्दांनी केले.

वॉशिंग्टन राज्य घ्या. २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोन प्रकरणं एकत्र आली. एक माणूस मॉलमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या स्कर्टखालचे फोटो काढताना सापडला होता, दुसरा सिएटलमधल्या एका सार्वजनिक कार्यक्रमात कॅमेरा घेऊन तेच करत होता. न्यायालयाने ही कृत्यं किळसवाणी आणि निंद्य आहेत असे शब्द वापरले आणि दोघांची दोषसिद्धी रद्द केली. त्या राज्याच्या कलमात खासगीपणाच्या जागेची व्याख्याच अशी होती की जिथे माणूस निर्धास्तपणे कपडे उतरवू शकतो, किंवा जिथे आगंतुक नजरेपासून आपण सुरक्षित आहोत असं त्याला वाटू शकतं. मॉलमध्ये यातलं काहीच होत नाही. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कलमात वेगळा पर्याय घातला: व्यक्तीच्या गुप्तांगांचं चित्रण, मग ती सार्वजनिक जागी असो वा खासगी.

हे २००३ सालचं. म्हणजे बॉस्टनच्या निकालाच्या अकरा वर्षं आधी एका राज्याला भोक सापडलं होतं आणि त्याने ते बुजवलंही होतं. मॅसॅच्युसेट्सने त्याच्या पुढच्याच वर्षी आपला कायदा केला, तोही भोकासकट. शेजारच्या वर्गातला प्रश्न फुटला तरी आपल्या वर्गाने वाचायचा नाही, असा काही नियम असावा.

त्यावरही कडी जॉर्जियाची. तिथे एका सुपरमार्केटचा कर्मचारी २०१३ मध्ये खरेदीला आलेल्या बाईच्या मागे मागे मांडण्यांमधून फिरला आणि तिच्या स्कर्टखाली वारंवार मोबाइल धरून चित्रण केलं. दुकानाच्या सीसीटीव्हीत ते दिसलंही. जॉर्जियाच्या कायद्यात ‘खासगी जागी आणि लोकांच्या नजरेआड’ असे शब्द होते. सरकार पक्षाने युक्तिवाद केला की बाईच्या स्कर्टखालचा भाग हीच एक खासगी जागा आहे. तीन न्यायाधीशांना तो पटला, सहांना नाही. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने म्हटलं की जागा म्हणजे भौगोलिक जागा. शरीराचा भाग म्हणजे जागा नव्हे. कर्मचारी सुटला. २०१७ मध्ये जॉर्जियाने कायदा दुरुस्त केला.

इथे अनेकांचा प्रश्न असतो की न्यायाधीशांनी जरा ताणून अर्थ लावला असता तर काय बिघडलं असतं? माझं स्वतःचं मत असं की, जॉर्जियातले ते तीन न्यायाधीश भाषेच्या दृष्टीने अगदीच चुकीचे नव्हते. पण फौजदारी कायद्यात एक जुना नियम आहे: कलमाच्या अर्थाबद्दल खरा संशय असेल तर त्याचा फायदा आरोपीला. ज्या शब्दांवरून माणसाला तुरुंगात टाकायचं ते शब्द आधी वाचून त्याला कळायला हवेत. न्यायाधीशाने आज चांगल्या कामासाठी शब्द ताणला, तर उद्या दुसरा न्यायाधीश पत्रकारासाठी, आंदोलकासाठी ताणेल. त्यामुळे न्यायालय ‘किळसवाणं’ म्हणतं आणि सोडून देतं, आणि त्यात विसंगती नसते.

टेक्सासने उलटी चूक केली

वर सांगितलेल्या राज्यांचे कायदे अरुंद होते. टेक्सासचा ऐसपैस होता. बाथरूम किंवा कपडे बदलण्याची खोली सोडून कुठेही, कुणाचाही, त्याच्या संमतीविना आणि लैंगिक उत्तेजनाच्या हेतूने फोटो काढणं हा गुन्हा, असं त्याचं एक पोटकलम होतं. जागेची अट नाही, शरीराच्या भागाची अट नाही, नग्नतेची अट नाही. आता तरी सगळे सापडतील, असं वाटेल.

सॅन अँटोनिओतल्या एका वॉटर पार्कमध्ये पोहण्याच्या कपड्यातल्या मुलांचे फोटो काढणाऱ्या माणसावर या पोटकलमाखाली २६ आरोप ठेवले गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे बॉस्टनच्या निकालानंतर सहा महिन्यांनी, राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ते पोटकलमच घटनाबाह्य ठरवलं. कारण असं की सार्वजनिक जागी फोटो काढणं ही अभिव्यक्ती आहे, तिला पहिल्या दुरुस्तीचं संरक्षण आहे. या पोटकलमाखाली रस्त्यावरून पूर्ण कपड्यांत चाललेल्या बाईचा साधा फोटोसुद्धा गुन्हा ठरतो, फक्त काढणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर. फोटो तोच, छायाचित्रकार तोच, मनातला विचार बदलला की कैद. सरकारने लोकांच्या मनातल्या विचारांचं नियमन करू नये, असं न्यायालयाने सांगितलं. बाथरूम आणि चेंजिंग रूमची पोटकलमं शाबूत राहिली, आणि २०१५ मध्ये विधिमंडळाने शरीराच्या विशिष्ट भागांपुरतं, रास्त अपेक्षेशी जोडलेलं नवं कलम लिहिलं.

त्या निकालावर अमेरिकेत प्रचंड टीका झाली. मुलांचे फोटो आणि आरोपी मोकळा, एवढंच बातमीत दिसतं, त्यामुळे संताप स्वाभाविक होता. पण कायदा लिहिणाऱ्यांसाठी खरी शिकवणी टेक्सासमध्येच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जागा नको तितकी होती, टेक्सासमध्ये हेतूखेरीज काहीच नव्हतं. नव्या कलमांचा साचा या दोन्हींच्या मधून गेला: शरीराचा ठरावीक भाग, तो लोकांना दिसू नये अशी त्या व्यक्तीची रास्त अपेक्षा, संमतीचा अभाव, आणि मुद्दाम केलेलं चित्रण. जागा कुठलीही असो.

तुरुंग नाही तर भरपाई

फौजदारी कलम अडतं तिथे दिवाणी दावा चालू शकतो. तिथे शब्दांचा एवढा कडक हिशेब नाही, कारण कुणाला तुरुंगात पाठवायचं नसतं. मिशिगनमध्ये १८८१ साली एका बाईच्या बाळंतपणाला डॉक्टरने आपल्याबरोबर एका अविवाहित तरुणाला आणलं, जो डॉक्टरही नव्हता आणि मदतनीसही. नवरा-बायकोला ते नंतर कळलं. तिने दावा लावला आणि जिंकली. न्यू हॅम्पशायरमध्ये १९६४ साली घरमालकाने भाडेकरू जोडप्याच्या शयनगृहात ऐकण्याचं यंत्र बसवलं होतं. मालकाचं म्हणणं, कुणी काही ऐकल्याचा पुरावा कुठे आहे? न्यायालय म्हणालं, त्याची गरजच नाही. खासगी आयुष्यात घुसणं हाच अपराध, त्यातून काय हाती लागलं हा पुढचा भाग.

अलीकडचं सर्वांत गाजलेलं प्रकरण क्रीडा पत्रकार एरिन अँड्र्यूज यांचं. २००८ मध्ये नॅशव्हिलच्या एका हॉटेलात एका माणसाने मुद्दाम त्यांच्या शेजारची खोली मागून घेतली, त्यांच्या दाराचं पीपहोल (बाहेर कोण आहे ते बघायचं भिंगाचं भोक) बदललं आणि बाहेरून चित्रण केलं, पुढे ते इंटरनेटवर गेलं. त्याला शिक्षा झाली ती राज्यांच्या सीमा ओलांडून पाठलाग केल्याच्या केंद्रीय गुन्ह्यासाठी, अडीच वर्षं. २०१६ मध्ये ज्यूरीने भरपाई ठरवली साडेपाच कोटी डॉलर, आणि त्यातली ४९ टक्के जबाबदारी हॉटेलची मालकी आणि व्यवस्थापन असलेल्या कंपन्यांवर टाकली. कुणी विचारलं आणि तुम्ही पाहुण्याच्या शेजारची खोली देऊन टाकलीत, हा मुद्दा ज्यूरीला महत्त्वाचा वाटला. हॉटेलांना कायद्यातल्या कैदेपेक्षा हा आकडा जास्त चांगला समजला असणार.

काढणं वेगळं, पसरवणं वेगळं

संमतीने काढलेला फोटो संमतीविना पसरवला तर चोरून पाहण्याचं कलम बसत नाही, कारण चोरून काही पाहिलेलंच नाही. न्यू जर्सीने २००४ मध्येच पसरवण्याचा वेगळा गुन्हा केला. बाकीच्या राज्यांना त्यासाठी सूडापोटी दुसऱ्याचे खासगी फोटो टाकणाऱ्या वेबसाइटींचा सुळसुळाट व्हावा लागला. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये केला, शेवटचं दक्षिण कॅरोलिना २०२५ मध्ये आलं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राचा ‘टेक इट डाउन’ कायदा झाला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली खोटी नग्न चित्रंही धरली आहेत आणि पीडित व्यक्तीने रीतसर कळवल्यावर प्लॅटफॉर्मने ती ४८ तासांत काढायची आहेत.

न्यू जर्सीच्या त्याच कायद्याखाली २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठातलं प्रकरण गाजलं, ज्यात भारतात जन्मलेल्या एका विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या आपल्या रूममेटला वेबकॅमवरून चोरून पाहिलं होतं. काही दिवसांनी त्या रूममेटने आयुष्य संपवलं. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांमध्ये तेव्हा ‘पोरांची मस्ती’ की गुन्हा यावर वाद झालेला अनेकांना आठवेल. कायद्याच्या दृष्टीने खोली दोघांची असणं, कॅमेरा स्वतःचा असणं यातलं काहीच बचाव नव्हतं. २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं, ३० दिवसांची कैद झाली. द्वेषगुन्ह्याशी जोडलेल्या कलमाचा भाग घटनाबाह्य ठरल्याने २०१६ मध्ये ती दोषसिद्धी रद्द झाली आणि शेवटी त्याने खासगीपणाच्या भंगाच्या प्रयत्नाचा एक आरोप कबूल केला.

तिकडे राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. बाळाला सांभाळणाऱ्या बाईवर लक्ष ठेवायला हॉलमध्ये कॅमेरा लावणं साधारणपणे चालतं. ती राहते त्या खोलीत किंवा बाथरूममध्ये लावणं हा गुन्हा, घर तुमचं असलं तरी. आणि तुमच्या हॉलमधल्या कॅमेऱ्याचा आवाज चालू असेल तर गोष्ट बदलते, कारण आवाजाला संभाषणाचे कायदे लागतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सासमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनियात सगळ्यांची लागते. तुम्ही ऑफिसात आणि ती घरी फोनवर बोलतेय, तर तुम्ही त्या संभाषणात नाहीच, म्हणजे एका संमतीचं राज्यसुद्धा तुम्हाला वाचवत नाही. आवाज बंद ठेवावा. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या खोलीत ‘काळजीपोटी’ कॅमेरा लावणाऱ्यांनीही त्यांना विचारलेलं असावं. साठीनंतर खासगीपणा लागत नाही असं कुठल्याच राज्याच्या कायद्यात लिहिलेलं नाही.

आणि आपल्याकडे

अमेरिकेचा २००४ सालचा केंद्रीय कायदा आठवतोय ना? आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६६ई त्याच्याशेजारी ठेवून वाचा. खासगी भागाची व्याख्या, चित्रणाची व्याख्या, खासगीपणाचा भंग होईल अशी परिस्थिती, सगळं जवळजवळ शब्दशः तेच आहे. ‘ती व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी असो वा खासगी’ हे मोलाचे शब्दसुद्धा. जे वाक्य आपल्या मायदेशी राष्ट्रीय उद्यानं आणि लष्करी तळांपुरतं उरलं, ते भारतात आल्यावर १४० कोटी लोकांना लागू झालं. वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स आणि जॉर्जियाला जे भोक बुजवायला एवढा आटापिटा करावा लागला, ते आपल्याकडे २००९ मध्ये कलम अमलात आलं तेव्हापासून बुजलेलं आहे.

पण आपल्याकडे चर्चेत असतं ते दुसरंच कलम. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ३५४क हे व्हॉयरिझमचं कलम आलं (इंग्रजी अक्षरात ३५४ सी), आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षं. शिक्षेला ते ६६ईपेक्षा जड आहे, कारण ६६ईत किमान शिक्षा नाही, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ७७ मध्ये कॅमेरा नसला तरी चालतो, नुसतं चोरून पाहणंही गुन्हा आहे. शिवाय बाईने फोटो काढायला संमती दिली पण पसरवायला नाही, तर पसरवणं हा गुन्हा, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

अडचण त्याच्या ‘खासगी कृत्या’च्या व्याख्येत आहे. बाई अशा जागी असली पाहिजे जिथे परिस्थिती पाहता खासगीपणा अपेक्षित असतो, आणि तिथे तिचे खासगी अवयव उघडे किंवा फक्त अंतर्वस्त्रांत असले पाहिजेत, किंवा ती शौचालयात असली पाहिजे, किंवा एकांतातली लैंगिक कृती चालू असली पाहिजे. म्हणजे जागा परत आली. कपड्यांच्या दुकानाच्या ट्रायल रूमला हे कलम चपखल बसतं; गोव्यात कांदोळीच्या एका दुकानाच्या ट्रायल रूमकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचं प्रकरण २०१५ मध्ये देशभर गाजलं, तसल्या घटनेसाठी ते मापाने शिवलेलं आहे. पण लोकलच्या जिन्यावर, फलाटावरच्या गर्दीत, एसटीत कुणी मोबाइल खाली धरून चित्रण केलं तर बचावाचा वकील बॉस्टनचाच युक्तिवाद मराठीत करू शकतो: जागा खासगी नव्हती, बाई पूर्ण कपड्यांत होती. आणि पीडित पुरुष किंवा मुलगा असेल तर ७७ लागूच होत नाही, ते फक्त स्त्रियांसाठी आहे. ६६ई कुठल्याही व्यक्तीसाठी आहे.

म्हणून तक्रार देताना कलमांकडे लक्ष ठेवावं. एफआयआर लिहून झाल्यावर तो तक्रारदाराला वाचून दाखवणं आणि त्याची प्रत फुकट देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वाचून दाखवताना फक्त ७७ किंवा शेरेबाजी-हावभावांसाठीचं ७९ ऐकू आलं आणि घटना स्टेशनवरची, बसमधली, रस्त्यावरची असेल, तर ६६ईसुद्धा लावा असं तिथेच सांगावं. त्या कलमाचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे ठाण्यात निरीक्षक कोण आहेत हेही विचारून घ्यावं.